हंटिंग

3 ऑक्टोबर 2025, शुक्रवार

काल दसऱ्याला ताईकडे जाणं झालं नाही, म्हणून आज आपट्याची पानं खिशात घालून शिवाजी पेठेत गेलो. ताईला सोनं दिलं. भाच्याला द्यायला त्याचा हातच मोकळा नव्हता. उजवा माऊसवर, डावा कीबोर्डवर, कानावर हेडफोन. ‘मामा, दोन मिन्टं थांबा की,’ म्हणाला. तेवढीही लागली नाहीत. स्क्रीनवर धूर पसरला, चित्र तीन-चार गचके खाऊन पुढं सरकलं आणि धूर विरला तोवर हा मेलेला. माऊस आपटला. ‘लॅग मारालंय ओ. मी गोळी घातलेली, मशीननं दाखवलीच न्हाई.’

खेळ काउंटर-स्ट्राइक 2. पाच इकडे, पाच तिकडे. मशीन म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला कॉम्प्युटर, 2023 च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा दिल्याचं बक्षीस म्हणून घेतलेला. आत 2012 सालचा इंटेलचा आय-फाइव्ह 3470, आठ जीबी रॅम आणि वरून बसवलेलं जीटीएक्स 750 टीआय नावाचं ग्राफिक्स कार्ड, तेही 2014 चं. त्या वेळी हा खेळाची जुनी आवृत्ती खेळायचा, ती या मशीनवर लोण्यासारखी चालायची म्हणे. 27 सप्टेंबर 2023 ला जुनीच्या जागी नवी आली. इंजिन नवं, धूर नवा, उजेड-सावल्या नव्या. मशीन तेच राहिलं आणि एका रात्रीत म्हातारं झालं. रिटायरमेंटच्या दुसऱ्या दिवशी मलाही साधारण असंच वाटलं होतं.

उठताना कॅबिनेटकडे लक्ष गेलं. खंडेनवमीची हळद-कुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार, दोन पाकळ्या जाळीत अडकलेल्या. आमच्या उद्यमनगरात हार घालायच्या आधी मशिनं डिझेलनं धुऊन पुसून घ्यायची रीत. ‘आतून कधी पुसलावतास?’ विचारलं. ‘कॉम्प्युटर पुसतात व्हय?’

4 ऑक्टोबर, शनिवार

चौतीस वर्षं ऑईल इंजिनांच्या टेस्टिंग बेंचवर काढली. इंजिन बिघडलंय असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न एकच, ‘कधी?’ सुरू करताना, लोड टाकल्यावर, की तापल्यावर? दोष काय आहे ते त्यावरून निम्मं कळतं. आज वही घेऊन भाच्याशेजारी बसलो आणि तेच विचारलं. ‘कवाबी,’ म्हणाला. ‘कवाबी’ला वहीत रकाना नसतो, म्हणून स्वतःच मोजायला घेतलं.

आधी शब्दांचा गुंता सोडवावा लागला. या पोरांच्या तोंडी एकच शब्द, लॅग. नेट हळू झालं तरी लॅग, मशीन दमलं तरी लॅग. आणि इलाज ठरलेला, वायफायच्या डब्याला शिव्या. खरं तर ही दोन वेगळी दुखणी. माऊस दाबल्याची खबर गेम चालवणाऱ्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. याचा पिंग मुंबईच्या सर्व्हरशी अठ्ठावीस-तीस मिलिसेकंद, स्थिर. बरा म्हणायचा. दुसरं दुखणं फ्रेम रेटचं. मशीन सेकंदाला किती चित्रं काढून पडद्यावर टाकतं, तो आकडा. ते खोलीतल्या डब्यातलं काम, नेटचा त्यात संबंध नाही. ताईनं दोन महिन्यांपूर्वी नेटचा महागडा प्लॅन घेतला तो या गोंधळापायीच.

आकडा पडद्यावर दाखवायची सोय, गेम ज्यातून उघडतो त्या स्टीम प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्येच निघाली. डस्ट टू नावाचा नकाशा लावला. पहिली पाच मिनिटं 60 च्या आसपास. सातव्या मिनिटाला 48. दहाव्याला 31. धुराचा बाँब फुटला की 14. गेम बंद करून चहा घेतला, वीस मिनिटांनी पुन्हा लावला, तर परत 60.

इथं मला आत काय चाललंय ते दिसल्यासारखं झालं. थंड असताना धावतं, तापलं की दम सोडतं. पाण्याचं जॅकेट चोंदलेलं इंजिन असंच वागतं. टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा वेग बघितला. सुरुवातीला 3.4 गिगाहर्ट्झ, दहा मिनिटांनी 1.6. तापमान दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम भाच्यानं टाकला, त्यात 99 अंश. प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःहून पाय मागे घेतो. पोरगं खेळाला दोष देत होतं आणि मशीन बापडं जीव वाचवत होतं.

6 ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

आज उघडलं. बाजूचा पत्रा काढला आणि ताई म्हणाली, ‘अगं बाई, हे कुठलं?’

आत सगळं गुलाबी.

ताईचं घर रस्त्यावर, कॉम्प्युटर खिडकीशी, आणि खिडकीखाली तालमीचा चौक. गेल्या महिन्यात अनंत चतुर्दशीची मिरवणूक तिथूनच गेली. त्याआधी फुटबॉलचा मोसम, आमच्या पेठेत मॅच जिंकली की गुलाल हवेतच असतो. वर निवडणुका. फॅन ओढतो ती हवा काही गाळून ओढत नाही. दोन-अडीच वर्षांचा गुलाल, घरातली धूळ आणि ताईच्या उदबत्तीची काजळी मिळून प्रोसेसर गार ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांमध्ये वाकळेसारखा थर झाला होता. नखानं उचलला तर अख्खा निघाला. जोतिबाच्या डोंगरावरून आणलाय म्हणून कुणाला दिला असता तरी खपला असता.

जुन्या शॉपमध्ये घेऊन गेलो. मालक आता माझ्या वेळच्या मालकांचा मुलगा, पण कॉम्प्रेसर तोच. आधी टाकीचा खालचा कॉक उघडून पाणी काढलं. हे विसरलं की हवेबरोबर पाण्याचे थेंब येतात आणि कॉम्प्युटरची आंघोळ होते. प्रेशर दोन किलोवर आणलं. फॅनचं पातं बोटानं धरून ठेवलं. मोकळं सोडलं तर हवेनं भन्नाट फिरतं, बेअरिंगचा निकाल लागतो, शिवाय फिरणारी मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते. हे भाच्याला सांगितलं तर त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे जरा आदरानं बघितलं. गुलाबी ढग उडाला. लेथवरचा पोरगा ओरडला, ‘कोण निवडून आलं ओ?’

रात्री गच्चीवर मसाला दूध. भाचा खाली जाऊन आकडा बघून आला. पंधराव्या मिनिटाला 52.

8 ऑक्टोबर, बुधवार

बावन्नवर मी थांबलो नाही. तापमान अजून नव्वदीकडे झुकत होतं. हीटसिंक पूर्ण काढला. प्रोसेसरच्या टोपीवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली.

पेस्ट कशाला लागते हे समजायला मला अडचण आली नाही. सरफेस प्लेटला मार्किंग ब्ल्यू लावून स्क्रेपिंग करणाऱ्याला ठाऊक असतं की कुठलाही सपाट पृष्ठभाग सपाट नसतो. दोन धातू एकमेकांवर ठेवले की मोजक्या ठिपक्यांवर टेकतात, बाकी जागेत हवा. हवा म्हणजे गोधडी. ती हाकलायला पेस्ट. म्हणजे जितकी कमी तितकी बरी, फक्त खड्डे भरण्यापुरती. एवढं सगळं कळूनसुद्धा पहिल्या वेळी मी घातली ती पुरणपोळीवर तूप घालावं तशी. बाजूनं ओघळली. पुसायला पुन्हा स्पिरिट, पुन्हा कापूस. दुसऱ्यांदा मसुराच्या दाण्याएवढी. चार स्क्रू सिलिंडर हेडच्या नटांसारखे समोरासमोरचे थोडे थोडे आवळत आणले. एकच बाजू आधी घट्ट केली की दुसरी उचलली जाते.

आता अर्धा तास खेळला तरी तापमान 68, वेग 3.4 वरून हलत नाही, आकडा सरासरी 62. खर्च पेस्टच्या नळीचे दीडशे रुपये.

पण शेजारी बसून बघत होतो. आकडा 62 दिसतोय आणि चित्र तरी अडखळतंय. भाचा म्हणाला, ‘बरं झालंय मामा, पण गुळगुळीत न्हाई.’ बरोबर बोलला. मला हे दुखणं ओळखीचं वाटतंय.

9 ऑक्टोबर, गुरुवार

रात्री झोपताना आठवलं. हंटिंग.

इंजिनाचा वेग सांभाळणारा गव्हर्नर कुठं चिकटत असला, लिंकेजमध्ये खेळ असला, तर इंजिन एका वेगावर बसत नाही. चढतं, उतरतं, चढतं, उतरतं. काट्यावर सरासरी बरोबर 1500 दिसते. गिऱ्हाईक म्हणतं, आरपीएम तर बरोबर आहे. पण शेतावर पट्टा सटकतो आणि पंप थरथरतो. टेस्टिंगला आम्ही काट्याकडे बघायचोच नाही, कान लावायचो.

फ्रेमचंही तेच. सेकंदाला 60 चित्रं म्हणजे प्रत्येकाला 16.7 मिलिसेकंद. पण एका सेकंदात 59 चित्रं पटापट काढली आणि एका चित्राला शंभर मिलिसेकंद लावले, तर सरासरी फारशी हलत नाही, डोळ्याला मात्र खड्डा लागतो. आणि तो लागतो नेमका धुरात, गोळीबारात, चार जण समोर आल्यावर, म्हणजे जेव्हा काम जास्त तेव्हाच. जाणकार म्हणून सरासरीबरोबर आणखी एक आकडा मागतात, शंभरातल्या सर्वांत संथ एका फ्रेमचा वेग. आमच्या मशीनचा तो 24 निघाला. सरासरी 62 आणि तळ 24. मग गुळगुळीत कसं वाटेल?

11 ऑक्टोबर, शनिवार

काल मी गेलो नाही तेवढ्यात पराक्रम झाला. भाच्यानं रात्री बसून व्हिडिओ बघितले आणि त्यातलं सगळं एकदम केलं. गेम बूस्टर टाकला. रॅम साफ करणारा प्रोग्रॅम टाकला. विंडोजच्या रजिस्ट्रीत हात घातला. गेम सुरू करतानाच्या ओळीत दहा-बारा परवलीचे शब्द भरले, त्यांतले निम्मे जुन्या आवृत्तीचे, नवी त्यांना विचारतही नाही. ड्रायव्हर बदलला. परिणाम, सरासरी 55 आणि दर दोन मिनिटांनी एक आचका.

‘ह्यातलं कशानं बिघडलं?’ मी विचारलं. त्याला सांगता येईना. कसं येणार?

टेस्टिंगला नवीन पोरगं आलं की मी त्याच्या हातात एकच पाना द्यायचो. एक स्क्रू फिरव, इंजिन चालव, लिही. मग दुसरा. दोन फिरवलेस तर घरी जा. बेंचवर हे सांगायला माझ्याकडे अधिकार होता, भाच्यापुढं फक्त मामापण आहे. ते वापरलं. सगळं काढायला लावलं. रॅम साफ करणारा प्रोग्रॅम तर उलटंच करत होता. गेमनं पुढं लागेल म्हणून हाताशी ठेवलेलं सामान हा मधूनच उचलून बाहेर टाकायचा, गेम पुन्हा ते डिस्कवरून आणायचा. स्वयंपाक चालू असताना कुणी दर पाच मिनिटांनी मिसळणाचा डबा माळ्यावर ठेवावा तसं.

ड्रायव्हरचं मात्र मी ठेवलं. नवा ड्रायव्हर आल्यावर गेम आपले शेडर, म्हणजे चित्र कसं रंगवायचं हे कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम, नव्यानं तयार करतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन मॅच अडखळतातच. तेवढ्यावरून शिव्या घालू नयेत.

12 ऑक्टोबर, रविवार

भाच्याला घेऊन महाद्वार रोडला गेलो होतो, येताना खरी कॉर्नरवरून आलो. तिथल्या कॅमेरा स्तंभाशी थांबलो. तो रोज कॉलेजला याच रस्त्यानं जातो आणि हे कशाचं आहे ते त्याला माहीत नव्हतं. मला थोडा राग आला, मग आठवलं की त्याच्या वयात मलाही ठाऊक नव्हतं.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे. फाळक्यांचा चित्रपट बघून दोघांना याचा ध्यास लागला. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता, मग स्वतःच करायचा ठरलं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी पुढं आपले सहकारी विष्णुपंत दामले यांना घेऊन 1918 मध्ये कॅमेरा पुरा केला. त्यावर चित्रित झालेला ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्यात लागला. हेच दामले नंतर प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत, तीही कोल्हापुरातच 1929 मध्ये सुरू झालेली.

भाच्याला मी सांगत होतो ते वेगळंच. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवायचे. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे, साधारण सोळा फ्रेम. म्हणजे फ्रेम रेट कॅमेरामनच्या मनगटात. मनगट दमलं, हात हळू झाला, की पडद्यावर माणसं पळाल्यासारखी दिसायची. कारण कमी चित्रं घेतलेली आणि दाखवताना वेग तोच. म्हणून चांगला कॅमेरामन तो, ज्याचा हात शेवटच्या फेऱ्यालाही पहिल्यासारखा. बोलपट आला तेव्हा हे मनगटाचं राज्य संपलं. सेकंदाला चोवीस फ्रेम ठरल्या आणि मोटर आली. डोळा थोडंफार चालवून घेतो, कान घेत नाही. वेग हलला की गाणं बेसूर.

‘म्हंजे त्यांच्यात बी फ्रेम ड्रॉप व्हायचा?’ भाच्यानं विचारलं. मी हो म्हटलं. तांत्रिकदृष्ट्या पूर्ण बरोबर नाही, पण रस्त्यात उभं राहून एवढं चालतं.

घरी ताईनं खरा प्रश्न विचारला. पिक्चर चोवीसवर मजेत चालतो, मग ह्याला साठ कशाला लागतात? उत्तर द्यायला मला जेवण होईपर्यंत वेळ लागला. कॅमेऱ्याच्या एका फ्रेममध्ये त्या क्षणापुरती हालचाल पुसटशी सांडलेली असते, हात हलला तर हाताचा पट्टा उमटतो, डोळा ते जोडून घेतो. गेमची फ्रेम कोरीव मूर्तीसारखी स्वच्छ, त्यामुळे दोन मूर्तींमधलं अंतर दिसतं. आणि पिक्चर आपण फक्त बघतो. इथं आपल्या मनगटाच्या हालचालीचं उत्तर पडद्यावर यायचं असतं. उशिरा आलं की हाताला कळतं. ‘म्हणजे मी हाक मारल्यावर हा उठतो तसं,’ ताई म्हणाली.

14 ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज 10 चा मोफत आधार संपला. भाच्याच्या मित्रमंडळात अफवा होती की रात्री बारानंतर मशीन उघडणारच नाही. उघडलं. काही झालं नाही. सुरक्षेची ठिगळं आता आपोआप मिळणार नाहीत एवढंच. नोंदणी केली की घरगुती मशीनला आणखी एक वर्ष, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात. ती करून टाकली. विंडोज 11 ला हा प्रोसेसर चालत नाही, अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून सुरू होते आणि हा तिसऱ्या पिढीचा.

ग्राफिक्स कार्डाचंही तसंच. एनव्हिडियानं जाहीर केलंय की या पिढीच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर या ऑक्टोबरपर्यंतच, नंतर तीन-तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेचे, तेही ऑक्टोबर 2028 पर्यंत. अकरा वर्षांच्या कार्डाला एवढी पेन्शन म्हणजे कमी नाही. मला तर निवृत्तिवेतनाची पहिली पावती यायलाच सात महिने लागले होते.

16 ऑक्टोबर, गुरुवार

रॅमकडे वळलो. आठ जीबी आहे, खेळाची किमान अटही आठच. पण पट्टी एकच, दुसरा खाचा रिकामा. या जातीची एक पट्टी सेकंदाला 12.8 जीबी वाहते. दोन सारख्या पट्ट्या जोडीनं बसवल्या की दोन मार्ग उघडतात आणि वाहतूक दुप्पट होऊ शकते. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जुने असताना निदान रस्ता तरी अरुंद नको.

राजारामपुरीत गेलो. मी मागितलं, ‘डीडीआर-थ्री, आठ जीबी, जुनी चालेल.’ दुकानदार मोबाइलवर बोलत होता, बोलता बोलता पाकीट दिलं, मी आठशे रुपये दिले. घरी येऊन बघतो तर पट्टी बोटभर आखूड. लॅपटॉपची. चूक माझीच, न बघता घेतली. स्पेअर पार्ट हातात घेऊन जुन्याशी जुळवल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही, हे मी किती पोरांना शिकवलं असेल.

17 ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

बदलून आणली. आज जुनी पट्टी खिशात नेली होती. दोन्ही बसवल्या. सरासरी 62 ची 71 झाली, त्याचं मला काही नाही. तळ 24 चा 39 झाला. हे खरं. धुरात शिरल्यावर अजून जाणवतं, पण आता खड्ड्याऐवजी गतिरोधक लागतो.

शिवाय डिस्क. गेम पंच्याऐंशी जीबी जागा मागतो आणि तो जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर होता. नकाशा उघडायला पावणेदोन मिनिटं, तोवर समोरचे सगळे जागेवर जाऊन बसलेले. ताईनं भाऊबीजेला म्हणून बाजूला ठेवलेल्या पैशांतून एसएसडी आणली. ओवाळणी मी घालायची आणि पैसे तिचे, हे मला पटलं नाही, निम्मे मी घातले. नकाशा आता पंचवीस सेकंदांत. फ्रेमचा आकडा मात्र एकानंही वाढला नाही. दुकानदार ‘फ्रेम डबल होतील’ म्हणाला होता, तो साफ गैरसमज. नवीन जागेत शिरताना जे आचके यायचे ते मात्र गेले.

19 ऑक्टोबर, रविवार

घरात चकलीचा वास, आणि आम्ही दोघं खोलीत दार लावून. आज सेटिंगचा दिवस.

भाच्याला मोठ्या खेळाडूंसारखं 1280 बाय 960 करायचं होतं, चित्र ताणलेलं. मी म्हटलं, कर, पण आकडा लिहून. 1920 बाय 1080 म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार ठिपके, 1280 बाय 960 म्हणजे बारा लाख एकोणतीस हजार. चाळीस टक्के काम कमी. आणि सरासरी 71 ची झाली फक्त 75.

तो हिरमुसला, मी खूश. कारण ही परीक्षाच आहे. ठिपके रंगवायचं काम कार्डाचं. ते चाळीस टक्के कमी करूनही वेग वाढत नसेल तर अडलंय ते कार्डापाशी नाही, प्रोसेसरपाशी. रंगारी रिकामा बसलाय, भिंत बांधणारा गवंडी मागे आहे. मग रंग स्वस्त करून काय फायदा? चित्र उगाच धूसर केलेलं परत नीट केलं. प्रोसेसरवर ओझं टाकणाऱ्या गोष्टी शोधल्या. पाठीमागे उघडा ब्राउझर, त्यात गाण्याचा व्हिडिओ. गप्पांचा प्रोग्रॅम, गेमवर तरंगणारा. कॉम्प्युटर चालू होताना आपोआप उठणारे अकरा प्रोग्रॅम, त्यांतले दोन अशा प्रिंटरचे जो घरात नाही. सगळे बंद. वीज वाचवायचा मोड लागलेला होता, तो बदलला. सावल्या कमी केल्या, पण अगदी तळाला नाही, कोपऱ्यामागं उभ्या माणसाची सावली आधी दिसते आणि ते पोराच्या कामाचं असतं.

तळ 46.

मग शेवटचा स्क्रू. या खेळात सेकंदाला जास्तीत जास्त किती फ्रेम काढायच्या याला मर्यादा घालता येते. भाच्यानं ती काढून टाकलेली, जितकं पळेल तितकं पळू दे म्हणून. मॉनिटर सेकंदाला साठच वेळा चित्र बदलतो, त्यामुळे मोकळ्या जागी नव्वद फ्रेम काढल्या तरी तीस वाया, वर तापमान. आणि नव्वदवरून पन्नासवर कोसळलं की जो धक्का बसतो तो साठवरून पन्नासवर बसत नाही. मी म्हटलं, गव्हर्नर बसव. 60 लिही.

‘मामा, मोठे खेळाडू तीनशेवर खेळतात.’

‘त्यांचं मशीन तीनशेवर स्थिर राहतं. तुझं कुठं राहतंय ते बघ.’

त्यांचं म्हणणंही खोटं नाही. मॉनिटर साठचा असला तरी जास्त फ्रेम काढल्या की पडद्यावर येणारं चित्र जरा ताजं असतं, माऊस हलका लागतो. पण ते ज्याला परवडेल त्याचं. थोडी घासाघीस झाली आणि 64 वर तोडगा निघाला. चारचा काय फरक पडतो मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं.

अर्धा तास खेळला. मी पडद्याकडे पाठ करून बसलो आणि फॅन ऐकत राहिलो. आधी फॅन सतत चढायचा-उतरायचा. आज एका सुरात.

21 ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

दुपारी उद्यमनगरात जुन्या शॉपवर पूजेला. ताईकडे कॉम्प्युटरला पुन्हा हार, या वेळी जाळीवर नको म्हणून भाच्यानंच मॉनिटरला घातला. बाकी फटाके, धूर, काही सुचलं नाही. खिडकी बंद ठेवायला सांगून आलो.

23 ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

ताईनं ओवाळलं. भाचा हाकेसरशी आला, मी मुद्दाम घड्याळ बघितलं. आकडा दाखवणारी पट्टी त्यानं स्क्रीनवरून काढून टाकलीय. म्हणाला, दिसत राहिला की तिकडंच बघतो आणि मरतो. संध्याकाळी चार मॅच खेळला, तीन हरला. हरल्यावर माऊस आपटला नाही, पण मशीनला शिव्या घालायची सोय गेल्यामुळे जरा गप्प होता. ताई म्हणाली, ‘आता तरी पुस्तक उघडंल का?’ मी विषय बदलला.

26 ऑक्टोबर, रविवार

रात्री नऊला फोन. ‘मामा, आवाज कराय लागलंय.’

‘कसला? सतत की फेऱ्याला एकदा?’

‘किर्र किर्र.’

‘फोन जाळीला लाव.’

लावला. डोळे मिटून ऐकलं. टीव्ही बंद करायला सांगितला, परत ऐकलं. हळू असताना वाजतंय, वेग घेतला की दबतंय. बेअरिंग कोरडं पडलंय. प्रोसेसरचा नाही, मागच्या पत्र्याचा फॅन असावा, आवाज पत्र्यातून घुमतोय. कॉम्प्रेसर मारताना मी एक पातं धरलं होतं, दुसरं धरलं होतं का? आठवत नाही.

‘बंद करून ठेव. उद्या शिलाई मशीनचं तेल घेऊन येतो. स्टिकरखाली एक थेंब. नाहीच ऐकलं तर नवा घालू.’

‘आज मॅच हाय ओ मामा. साडेनऊला.’

टीमची पोरं ताटकळलेली असणार. पत्रा काढून टेबलफॅन समोर लाव म्हटलं, आणि खिडकी बंद आहे का ते विचारलं.